किंदळवाड्याची भागीदारी

६ जानेवारी. सकाळी ६.१०
नवीन डायरी, नवीन पेन. काल प्रिन्सिपॉलनी जाहीर केलं : कॉलेजात 'विद्यापीठ भागीदारी कक्ष' सुरू होणार, संयोजक प्रा. गोकुळदास मांद्रेकर. म्हणजे मी. चोवीस वर्षं डिचोलीत कॉमर्स शिकवल्यावर अखेर कुणाच्या तरी लक्षात आलं. उत्तर युरोपातलं एक विद्यापीठ समाजापुढच्या आव्हानांवर काम करायला भारतात जोडीदार शोधत आहे. त्यांनी मला शोधलं. (त्याआधी मी सहा मेल पाठवले होते, ते सोडा.)
संकल्प : रोज साडेपाचला उठणे. पाव बंद. पेडणे ते डिचोली बसमध्ये मोबाईल न बघता रिसर्च पेपर वाचणे. वर्षाअखेर तीन करार. ऑगस्टात प्रिन्सिपॉल रिटायर होतात, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

७ जानेवारी
पावणेआठला उठलो. पाव विकणारा पदेर दारात आला होता. गरम पोयी परत पाठवणं बरं दिसेना.

१९ जानेवारी
युरोपच्या प्रा. हाना यांचा मेल. त्यांना एक 'बाधित समाज' हवा, ज्याच्याबरोबर काम करता येईल. चांगला बाधित समाज शोधणे सोपं नाही. पेडण्यात शोधला तर आमच्या भावकीतलीच भांडणं निघतील. शेवटी डिचोलीतला किंदळवाडा नक्की केला. एकोणीस घरं, मागे खाणीचा डंप. तीस वर्षं टाकाऊ माती रचून रचून आता टेकडीएवढा झालाय. नाव सुचवलं सिद्धीने. जिऑलॉजीला कॉन्ट्रॅक्टवर आहे, हुशार मुलगी, पण घाई फार. नाव तिचं असलं तरी चौकट माझी.

३ फेब्रुवारी
किंदळवाड्याला भेट. डंपच्या पायथ्याशी शेवटचं घर विमला गावस या बाईचं. नवरा कृष्णनाथ पूर्वी खाणीवर टिपर चालवायचा. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून मागच्या खोलीत खाटेवर. बोलतो, पण जीभ जड. मला म्हणाला, ह्या डंपात अर्धी माती मीच ओतली आहे. आणि हसला. विनोदबुद्धी शाबूत.
बाईने मागचं दार दाखवलं. "सर, दिवाळीपासून दार लागना. पयलीं लागतालें. जमीन हालता." मी दाराचा फोटो काढला. उघडं दार, मागे लाल डंप, चौकटीत बाई. प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडला याहून चांगलं काही मिळणार नाही.

२१ फेब्रुवारी
कराराचा मसुदा तयार. कलम सात-क मी स्वतः घातलं : प्रकल्पातून निघालेली कोणतीही माहिती दोन्ही संस्थांच्या संयुक्त मान्यतेशिवाय बाहेर द्यायची नाही. प्रिन्सिपॉल म्हणाले, वा, वकिलासारखं लिहिलंत. प्रा. हानांनी विचारलं, हे कशासाठी? भारतात काम करताना अशी शिस्त लागते, असं कळवलं. त्यांनी "ओके" लिहिलं. प्रभावित झाल्या असाव्यात.

१४ मार्च
सिद्धी सहा मुलांना घेऊन पुन्हा डंपच्या माथ्यावर जाऊन आली. वर आडवी भेग पडली आहे. फेब्रुवारीत तिच्यात चार बोटं जायची, आता कोपरापर्यंत हात जातो. तिने दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्यात, दर आठवड्याला अंतर मोजणार. मी म्हटलं, खुंट्यांवर दोन्ही संस्थांचे लोगो लावता येतील का? ती वर्गावर निघून गेली. कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना संस्थेबद्दल आपुलकी कमी असते.

४ एप्रिल
सिद्धीने चार पानी रिपोर्ट दिला. म्हणणं असं की पावसाचं पाणी भेगेत शिरलं तर डंप खाली येईल, म्हणून पायथ्याची पाच घरं जूनच्या आत हलवावीत. भाषा जरा भडक आहे. 'येऊ शकतो' असं हवं, तिने 'येईल' लिहिलंय.
दुपारी विमलाबाई स्वतः आली, केबिनमध्ये. सरकारी कचेरीत जाऊन आली होती. तिथे सांगितलं, जाणकाराचं पत्र आणा, मग जागेची पाहणी करू आणि तुम्हाला पावसाळ्यापुरतं शाळेत हलवू. "माका फकत एक कागद जाय, सर. कॉलेजीचो. शिक्को मारून." मी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. भागीदारीची सगळी रचना समजावली. तिने चहा घेतला आणि विचारलं, "मगे कागद केन्ना मेळटलो?" लवकरच, असं सांगितलं.

५ एप्रिल
सिद्धी पत्राचा मसुदा टाइप करून घेऊन आली. सही तेवढी माझी. मी तिला कलम सात-क दाखवलं. ती म्हणाली, पण सर, करारावर अजून सह्याच झालेल्या नाहीत. मी म्हटलं, सह्या नसल्या तरी भावना आहे. मसुदा ड्रॉवरमध्ये ठेवला. सुरक्षित आहे.

२२ एप्रिल
मॅनेजमेंट कमिटीवरचे अनंतबाब भेटले. त्यांचे आठ ट्रक खाणीवर आहेत. खाणी पुन्हा सुरू व्हायची वाट बघतायत. म्हणाले, मांद्रेकर, तुमचं नाव ऑगस्टसाठी आमच्या डोक्यात आहे. मग सहज विचारलं, त्या डंपचं काय चाललंय? मी म्हटलं, शैक्षणिक अभ्यास, बाकी काही नाही. त्यांनी पाठीवर हात ठेवला. या भेटीचा आणि पत्राचा काही संबंध नाही. पत्राला उशीर होतोय तो प्रोसेसमुळे. इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

६ मे
प्रा. हाना आणि दोन सहकारी मोपा विमानतळावर उतरले. हार, समई, बॅनर. बॅनरवर माझं नाव 'मांद्रेकार' छापलं, बाकी सगळं उत्तम. संध्याकाळी करारावर सह्या. स्थानिक पेपरच्या फोटोग्राफरने मला मध्ये उभं केलं, मी नको नको म्हणत होतो.
दुपारी पाहुण्यांना किंदळवाड्यात नेलं होतं. विमलाबाईने सगळ्यांना कोकम सरबत दिलं. सिद्धी हानांना घेऊन डंपवर चढली, अर्धा तास वर. खाली आल्यावर हानांनी पायथ्याची घरं मोजली. गाडीत मला विचारलं, या लोकांना हे लेखी कळवलंय का? मी म्हटलं, प्रोसेस चालू आहे. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. परतीच्या वाटेवरचा देखावा फार सुंदर आहे.

१५ मे
हानांचा मेल. शब्दशः : जिवाला धोका असेल तिथे सात-क लागू होत नाही, आमची हरकत नाही, कृपया रिपोर्ट आजच लोकांना द्या. किती मोठं मन! पण पाहुण्यांनी सवलत दिली म्हणून यजमानाने घ्यायची नसते. शिवाय मेल म्हणजे ठराव नव्हे. "थँक्यू, नोटेड" असं उत्तर पाठवलं. पुढच्या संयुक्त समितीत विषय घेणार. बैठक जूनमध्ये, कारण मे महिन्यात अर्धी समिती सुट्टीवर.

१६ मे
दीपाला मेल वाचून दाखवला, इंग्रजी किती छान आहे म्हणून. ती म्हणाली, अहो, ह्यात थँक्यू म्हणण्यासारखं काय आहे? बायको प्राथमिक शाळेत शिकवते, हायर एज्युकेशनचं वातावरण तिला नवीन.

२९ मे
अघटित. सिद्धीने माझ्या पाठीमागे, साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने कचेरीत पत्र दिलं. ते परत आलं : लेटरहेड नाही, शिक्का नाही, पत्र देणारी कायम नोकरीत नाही. म्हणजे मी म्हणत होतो तेच, प्रोसेस लागते. तिला मेमो काढला. मेमो लेटरहेडवर दिला, शिक्का मारून. नियम सगळ्यांना सारखे.
ती मेमो वाचून म्हणाली, सर, बुधवारी खुंट्या मोजल्या. हात पूर्ण जातो आता, खांद्यापर्यंत. आवाज चढवला नाही. चढवला असता तर दुसरा मेमो देता आला असता.

१२ जून
सिद्धीचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. प्रशासकीय बाब. शिफारशीचा कॉलम मी कोरा ठेवला होता, विरोधात एक शब्द लिहिला नाही. खुंट्या आता कोण मोजणार हा प्रश्न आहे. समितीपुढे ठेवू.
समितीची बैठक कोरमअभावी पुढे. पाऊस चांगला.

२४ जून
विमलाबाई पुन्हा आली. पाचव्यांदा की सहाव्यांदा. साडी गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने भरलेली, केबिनची फरशी खराब झाली. मागच्या भिंतीला तडा गेलाय, त्यातून ओल येते. शेजारची दोन कुटुंबं नातेवाईकांकडे गेली. मी विचारलं, तुम्ही का नाही जात? नवऱ्याबद्दल म्हणाली, "तांकां उखलून खंय व्हरूं? कोण घेतलो खाटीसयत?" कचेरीचा माणूस आला तर अँब्युलन्स येईल, शाळेत खाट लागेल, असं तिला कुणीतरी सांगितलंय.
मी म्हटलं, आठवड्याभरात नक्की. हे मनापासून म्हटलं. ती गेल्यावर ड्रॉवर उघडून पत्र बाहेरही काढलं. पण तारीख एप्रिलची. आता त्यावर सही केली तर एप्रिलपासून का दिलं नाही असा प्रश्न येणार. नवीन टाइप करून घ्यायला हवं. टायपिस्ट रजेवर.

८ जुलै. सकाळी १०.०५
ऑनलाइन मीटिंग सुरू. विषय : प्रकल्पाचा लोगो. त्यांना निळा हवा, आम्हाला भगवा चालेल, मी हिरवा सुचवला. विमलाबाई बाहेर बाकावर आहे. शिपाई गौरेशला सांगितलं, सर मीटिंगमध्ये आहेत म्हण. ती म्हणाली, बसतें.

१०.५०
सिद्धीचे तीन फोन. घेतले नाहीत, ती आता स्टाफवर नाही.

११.२०
चौथा घेतला. डंप आला.

८ जुलै. संध्याकाळी
नीट लिहून काढतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.
वाड्यावरच्या कुणीतरी सिद्धीला कळवलं होतं. तिने मला विचारलं, विमलाबाई कुठे आहेत? मी म्हटलं, इथेच, माझ्या केबिनबाहेर. ती म्हणाली, देवा. मग म्हणाली, त्यांचं घर गेलंय, कृष्णनाथ आत आहेत, तुम्ही त्यांना सांगा.
मी गौरेशला आत बोलावून सांगायला सांगितलं. वीस वर्षांत त्याने मला कशालाही नाही म्हटलेलं नाही. आज म्हणाला, "सर, हें माका जमचें ना." मी प्रिन्सिपॉलना फोन लावला, एंगेज होता. मग केबिनच्या काचेतून बघितलं तर तिचाच फोन वाजत होता. तिने तो कानाला लावला, ऐकलं, बंद केला, पिशवीत ठेवला. उठून गौरेशला विचारलं, किंदळवाड्याची बस कितीला?
गौरेशने तिला स्कूटरवर नेलं. मला विचारलंसुद्धा नाही.
स्क्रीनवर अजून लोगो होता. मी मीटिंगमधून बाहेर पडलो. कारण चॅटमध्ये लिहिलं : नेटवर्क.

९ जुलै
जागेवर जाऊन आलो. गेलंच पाहिजे होतं, संयोजक म्हणून. तीन घरं मातीखाली. दोन रिकामी होती. कृष्णनाथ काल दुपारी चारला सापडला, खाटेवरच. माती लाल, ओली, चालताना बूट धरून ठेवते. सिद्धी तिथे होती, कालपासूनच असावी. माझ्याकडे बघितलं नाही. मी फोटो काढला नाही. याचीही नोंद असावी.
विमलाबाई शेजारच्या ओट्यावर बसली होती, बायकांच्या घोळक्यात. मी जवळ गेलो नाही. अशा वेळी माणसाला एकांत हवा असतो.

१० जुलै
रात्रभर विचार केला आणि सकाळी एक गोष्ट स्पष्ट झाली, ती लिहून ठेवतो. विमलाबाई त्या वेळी घरी नव्हती, कारण ती कॉलेजात आली होती. कॉलेजात आली होती, कारण भागीदारी होती. म्हणजे एका अर्थी भागीदारीमुळेच ती वाचली. हे अहवालात यायला हवं.
दीपाला सांगितलं. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिला बरं नसावं.

२१ जुलै
चौकशी. प्रिन्सिपॉलनी बोलावून विचारलं, रिपोर्ट तुमच्याकडे एप्रिलपासून होता? मी म्हटलं, रिपोर्ट प्राथमिक स्वरूपाचा होता. ते म्हणाले, हो की नाही? हो म्हटलं. त्यांनी घटनाक्रम लेखी मागितलाय. मला वाटलं होतं ते पाठीशी उभे राहतील. अनंतबाब फोन उचलत नाहीत. ट्रकच्या कामात असतील.

२३ जुलै
घटनाक्रम तयार केला, नऊ पानं, तक्त्यासह. चांगला झालाय. दीपाने वाचायला मागितला. सगळा वाचला, एक एक पान, चष्मा लावून. मग विचारलं, अहो, ह्यात तुम्ही कुठे आहात? मी दाखवलं : 'संयोजक स्तरावर विचाराधीन', पान चार. ती म्हणाली, हा कोण?
उत्तर उद्या सुचेल.

३० जुलै
हानांचा मेल. दोन ओळी. आमच्या कॉलेजशी करार स्थगित. डंपाखालच्या इतर वाड्यांची पाहणी त्यांचं विद्यापीठ फोंड्याच्या एका संस्थेमार्फत करणार, प्रमुख : सिद्धी. आमचं मनुष्यबळ पळवलं, असा निषेध नोंदवणारं पत्र लिहायला घेतलं. 'आमचं' या शब्दापाशी थांबलो. पत्र अर्धवट आहे.

८ ऑगस्ट
प्रिन्सिपॉलपदाच्या मुलाखती झाल्या. मला पत्र आलं नव्हतं. पोस्टाचा घोळ असेल म्हणून ऑफिसात विचारलं. घोळ नव्हता.
भागीदारी कक्षाची पाटी काढली, खोली स्पोर्ट्सला दिली. कॅरम बोर्ड आलेत. ड्रॉवर रिकामा करून द्या म्हणाले. एप्रिलचा मसुदा घरी आणला. कुठे ठेवायचा कळत नाही. फाडायला घेतला, जमलं नाही. देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता, दीपाने बाहेर काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. 

१४ ऑगस्ट
साडेपाचला उठलो. आता रोज जाग येते. पदेराचा भोंगा ऐकू येईपर्यंत ओट्यावर बसून असतो. करण्यासारखं काही नाही.
चौकशी अधिकाऱ्यांपुढे माझा जबाब झाला. साहेबांनी नऊ पानं बाजूला ठेवली आणि एकच विचारलं, सही करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत होती? मी सात-कपासून सुरुवात केली. ते म्हणाले, नाव सांगा. मग मी म्हटलं, कुणाचीही नाही. टायपिस्टने तेवढंच लिहिलं.

२५ ऑगस्ट
पेडण्याच्या बाजारात विमलाबाई दिसली. ती आता इथे बहिणीकडे असते, हे मला माहीत नव्हतं. मी रस्ता ओलांडून पलीकडे निघालो होतो, खोटं कशाला लिहू. तिनेच हाक मारली. "सर!"
वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, तुमका वेळ आसा? एक काम आसलें.
काम असं : रेशन कार्ड घरासोबत मातीत गेलं. नवीन हवं. कचेरीतल्या माणसाने सांगितलं, साधा अर्ज लिहून आणा. बहिणीला लिहिता येत नाही, भाचा कुडाळला. "तुमी शिकिल्ले, म्हणून म्हटलें."
किराणा दुकानदाराकडून एक कागद मागून घेतला. त्याच्याच पायरीवर बसलो दोघं. अर्जदाराचं नाव, विमला. नवऱ्याचं नाव लिहिताना ती वाकून म्हणाली, "फुडें कैलासवासी लावूंक जाय न्हय आतां?" मी लावलं.  किंदळवाड्याच्या घराचा नंबर तिला पाठ होता. खाली लिहिलं, वरील बाईंना मी ओळखतो, आणि सही केली. तिने विचारलं, शिक्का लागेल का? मी म्हटलं, लागणार नाही.
कागद तिच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी धरून बघितला, वाचता येत नसूनही वरपासून खालपर्यंत. मग उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटा केला, माझी सही जिथे होती तिथे अंगठा ठेवला, आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं,
"इतलेंच?"